हिशेबाची उघडी वही

डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीतला एखादा लहानसा रासायनिक कारखाना डोळ्यांपुढे आणा. तिथे एका रिअ‍ॅक्टरमध्ये एक टन माल आहे. आत जी क्रिया चालली आहे ती उष्णता बाहेर टाकणारी आहे. म्हणून रिअ‍ॅक्टरभोवतीच्या जॅकेटमधून थंड पाणी खेळवलेले आहे. एवढ्यात वीज जाते आणि पाण्याचा पंप थांबतो. माल या क्षणी ६० अंशांवर आहे. तो १०० अंशांवर जायला किती वेळ लागेल? म्हणजेच, शिफ्टवरच्या माणसाच्या हातात किती मिनिटे आहेत?

हा हिशेब आपण करून पाहू. माल पाण्यासारखा आहे असे धरू. एक किलो पाणी एक अंशाने तापवायला ४.१८ किलोज्यूल उष्णता लागते, तेव्हा एक टनाला ४१८० किलोज्यूल लागणार. क्रियेतून १०० किलोवॅट उष्णता निघते असे समजू. दोन किलोवॅटचे पन्नास गीझर एकदम लावावेत, इतकी ती होते. म्हणजे एक अंश चढायला सुमारे ४२ सेकंद आणि चाळीस अंश चढायला जवळजवळ २८ मिनिटे. बरे झाले, म्हणाल. अर्ध्या तासात जनरेटर चालू होईल, नाहीतर कोणीतरी काहीतरी करीलच.

पण थोडे थांबा. या हिशेबात आपण एक गोष्ट न बोलता धरून चाललो. माल तापत गेला तरी क्रियेचा वेग तोच राहील, ही ती गोष्ट. प्रत्यक्षात तसे होत नाही. तापमान दहा अंशांनी वाढले की पुष्कळ क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो, असा रसायनशास्त्रातला एक ठोकताळा आहे. वेग वाढला की उष्णता जास्त निघते, उष्णता जास्त निघाली की वेग आणखी वाढतो. हे लक्षात घेऊन तोच हिशेब पुन्हा मांडला, तर उत्तर २८ मिनिटे येत नाही. ते येते सुमारे साडेनऊ मिनिटे.

दोन्ही वेळा गुणाकार-भागाकार बरोबरच होते. बदलले ते गृहीत. आता असे समजा की पहिला हिशेब करणाऱ्याने वहीत एवढेच लिहून ठेवले: ‘वेळ २८ मिनिटे.’ दोन वर्षांनी तो नोकरी सोडून गेला. त्याच्या जागी आलेल्या माणसाला ते २८ कुठून आले, काय धरून आले, हे कसे कळावे? कळण्याचा मार्ग एकच. उत्तराबरोबर रीतही लिहून ठेवलेली असली पाहिजे, आणि ज्याला ती तपासायची आहे त्याला ती वही उघडता आली पाहिजे.

आजच्या आपल्या विषयाचे सार एवढेच आहे. शास्त्रातले मोठमोठे हिशेब आज संगणक करतात. तेव्हा वही उघडी असावी म्हणजे संगणकाचा प्रोग्रामही उघडा असावा. अशा उघड्या प्रोग्रामला ‘ओपन सोर्स’ किंवा मराठीत ‘मुक्तस्रोत’ सॉफ्टवेअर म्हणतात. अशी अवजारे इंटरनेटवर सगळ्यांसाठी मांडून ठेवायची, ती सगळ्यांनी वापरायची आणि सुधारायची, अशी एक चळवळ जगभर चालू आहे. तिचे एक मोठे ठाणे डोंबिवलीहून फार लांब नाही. ते आहे पवईला, आय. आय. टी. मुंबईत.

आता, प्रोग्राम उघडा म्हणजे काय? स्वयंपाकघरातलेच उदाहरण घ्या. बाजारात मसाल्याचे बंद पाकीट मिळते. भाजीला चव येते, काम भागते. पण त्यात धने किती, दगडफूल किती, ते कसे भाजले, हे आपल्याला ठाऊक नसते. एखादी सुगरण मात्र तिच्या गोड्या मसाल्याची कृतीच लिहून देते. ती हातात आली की तुम्हाला मसाला करता येतो, तिखट कमी करता येते, शेजारणीला सांगता येते, आणि ‘अहो, यात खसखस जास्त पडते आहे’ असे तिला उलट कळवताही येते. माणसाने लिहिलेला मूळ प्रोग्राम ही कृती, आणि संगणकावर चालणारी तयार वस्तू हे पाकीट. मुक्तस्रोत सॉफ्टवेअरमध्ये पाकिटाबरोबर कृतीही मिळते, आणि ती वापरायची, बदलायची व वाटायची परवानगी लेखी मिळते. काही परवान्यांत एक अटही असते. तुम्ही कृती बदलून पुढे कोणाला दिलीत, तर बदललेली कृतीही त्याला मोकळेपणाने द्यायची. घेतले तसे द्यावे, एवढाच त्याचा अर्थ.

ही कल्पना आकाशातून पडलेली नाही. अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली ‘ग्नू’ या मुक्त संगणक-प्रणालीची घोषणा केली. फिनलंडमधल्या लिनस टॉरवल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली ‘लिनक्स’चा गाभा लिहून लोकांपुढे ठेवला. ज्या ‘वेब’वर आपण रेल्वेची तिकिटे काढतो आणि परीक्षेचे निकाल पाहतो, ती तर शास्त्रज्ञांच्या सहकार्यासाठीच जन्माला आली. जिनीव्हाजवळच्या ‘सर्न’ या प्रयोगशाळेत देशोदेशींचे शास्त्रज्ञ येत. त्यांची टिपणे एकमेकांना सहज पाहता यावीत म्हणून टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली तिची योजना मांडली. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने ते तंत्र सर्व जगाला विनामूल्य खुले करून टाकले. पावलापावलाला पैसे मोजावे लागले असते, तर ही वेब आपल्या घरापर्यंत पोचली असती का, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

आता पवईकडे वळू. अभियांत्रिकीच्या अभ्यासात गणिताची, आलेखांची, यंत्रांच्या आराखड्यांची सॉफ्टवेअर लागतात. त्यांतली नामांकित सॉफ्टवेअर चांगली आहेत यात शंका नाही, पण त्यांच्या परवान्याची किंमत लहान महाविद्यालयाला किंवा लहान कारखान्याला झेपणारी नसते. मग काय होते? कुठूनतरी चोरून आणलेली प्रत वापरायची, नाहीतर त्या विषयाला हातच लावायचा नाही. हा पेच सोडवण्यासाठी आय. आय. टी. मुंबईत ‘फॉसी’ हा प्रकल्प केंद्र सरकारच्या निधीतून उभा राहिला. रसायन अभियांत्रिकीचे प्राध्यापक कण्णन मौदगल्य आणि विमानविद्येचे प्राध्यापक प्रभु रामचंद्रन ही त्यातली ठळक नावे. रामचंद्रन यांनी ‘मायावी’ हे त्रिमितीय आकृत्या दाखवणारे मुक्त अवजार लिहिले, आणि ते जगभरचे शास्त्रज्ञ वापरतात. म्हणजे आपण नुसते घेणारेच नाही, देणारेही आहोत.

फॉसीचे काम कसे चालते हे पाहण्यासारखे आहे. फ्रान्समधल्या ‘इन्रिया’ संस्थेच्या परिसरात वाढलेले ‘सायलॅब’ नावाचे गणिताचे मुक्त अवजार आहे. फॉसीने विद्यार्थ्यांना सांगितले: तुमच्या अभ्यासातले एखादे नामांकित पाठ्यपुस्तक घ्या. त्यात सोडवून दाखवलेली जेवढी उदाहरणे आहेत, तेवढी सायलॅबमध्ये लिहून काढा. जाणकार ती तपासतील, आणि मग ती तुमच्या नावानिशी सर्वांसाठी वेबवर ठेवली जातील. अशी शेकडो पुस्तकांची उदाहरणे तयार झाली. पुढे ती संगणकावर काहीही न बसवता थेट ब्राउझरमधून चालवून पाहण्याची सोयही करण्यात आली. कल्याणच्या एखाद्या विद्यार्थिनीने उष्णतावहनाचा धडा उघडावा, कुण्या अनोळखी विद्यार्थ्याने लिहिलेले उदाहरण चालवावे, त्यातला एक आकडा बदलून उत्तर कसे हलते ते बघावे. पुस्तकातले छापील उत्तर हलत नाही. हे हलते, आणि ते हलताना पाहिले की विषय कळतो.

शिकवायला शिक्षक नसेल तर? त्यासाठी ‘स्पोकन ट्यूटोरियल’ ही त्याच संस्थेतली दुसरी योजना आहे. सुमारे दहा मिनिटांचा एकेक पाठ. पडद्यावर अवजार चालताना दिसते, आणि आवाज ते समजावून सांगतो. विद्यार्थ्याने शेजारी आपला प्रोग्राम उघडून ठेवायचा आणि ऐकता ऐकता करत जायचे. हे पाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांत बोलून ठेवलेले आहेत. आकाशवाणी ऐकत मोठ्या झालेल्या आपल्यासारख्यांना कानाने शिकण्याची ताकद वेगळी सांगायला नको.

आता डोंबिवलीच्या कामाची गोष्ट. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १ ऑगस्ट १९६२ रोजी स्थापन झाले, आणि पुढे डोंबिवलीत रसायनांची आणि कापड-प्रक्रियेची वसाहत उभी राहिली. अशा कारखान्यांत मिश्रणे उकळायची, वाफ थंड करायची, एक द्रव दुसऱ्यापासून वेगळा काढायचा, ही नित्याची कामे. कारखाना उभारण्याआधी हे सगळे संगणकावर मांडून पाहता येते. किती वाफ लागेल, किती थंड पाणी लागेल, ऊर्ध्वपातनाच्या स्तंभात किती पायऱ्या हव्यात, हे आधी कळते. या कामासाठी ब्राझीलमधील डॅनियल मेदेइरोस यांनी ‘डीडब्ल्यूसिम’ हे मुक्त सॉफ्टवेअर लिहिले. फॉसीने ते आपल्याकडच्या महाविद्यालयांत नेले. विद्यार्थी एखादी ज्ञात प्रक्रिया निवडतात, तिचा पूर्ण आराखडा त्यात उभा करतात, तो तपासला जातो, आणि वेबवर खुला ठेवला जातो. कोणीही तो उतरवून घ्यावा, चालवावा, त्यावर पुढचे काम करावे.

इथे आतले दिसण्याचे महत्त्व कसे आहे, ते एका उदाहरणाने सांगतो. मद्यार्क आणि पाणी यांचे मिश्रण घ्या. आपल्या साखर कारखान्यांच्या आसवन्यांत हेच काम चालते. मिश्रण आदर्श आहे असे धरून राऊल्टचा साधा नियम लावला, तर संगणक खुशाल सांगेल की स्तंभाच्या पायऱ्या वाढवा, शंभर टक्के शुद्ध मद्यार्क मिळेल. प्रत्यक्षात नेहमीच्या हवेच्या दाबाला वजनाने सुमारे ९५.६ टक्क्यांवर गाडी अडते. त्यापुढे वाफेत आणि द्रवात प्रमाण सारखेच राहते, आणि कितीही पायऱ्या वाढवल्या तरी पाणी सुटत नाही. त्यासाठी मग वेगळी युक्ती करावी लागते. म्हणजे संगणकाने चूक केली का? नाही. त्याला जे धरायला सांगितले ते त्याने धरले. म्हणून आराखड्यात कोणता नियम निवडला आहे, तो प्रोग्रामात कसा उतरवला आहे, हे दुसऱ्या माणसाला पाहता आले पाहिजे. उत्तर चकचकीत छापून आले म्हणून ते खरे ठरत नाही.

मोठ्या विद्वानांच्या हातूनही असे होते. २०१० साली कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ यांनी देशांवरचे कर्ज आणि त्यांची वाढ यांवर एक निबंध प्रसिद्ध केला. सरकारी कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या नव्वद टक्क्यांवर गेले की वाढ सरासरी उणे ०.१ टक्का होते, असा त्यातला एक आकडा होता. अनेक देशांच्या राजकारणात त्याचे दाखले दिले गेले. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातला थॉमस हर्नडन हा विद्यार्थी अभ्यास म्हणून तो आकडा पुन्हा काढून पाहू लागला. तो जुळेना. शेवटी त्याने मूळ लेखकांकडे त्यांचा हिशेबाचा तक्ताच मागितला. त्यांनी तो दिला, हे त्यांचे सौजन्य. तक्त्यात सरासरी काढताना पाच देशांच्या ओळी सुटल्या होत्या. ही चूक आणि आकडे निवडण्या-तोलण्याच्या रीती बदलून २०१३ साली हर्नडन व त्याच्या प्राध्यापकांनी तो आकडा अधिक २.२ टक्के काढला. कर्जाविषयी कोणाचे मत बरोबर, हा वाद बाजूला ठेवू. तक्ता तीन वर्षे बंद होता, आणि उघडल्यावर एका विद्यार्थ्याला चूक दिसली, एवढे आपल्या कामाचे.

आता कोणी विचारील, इतक्या लोकांनी एकाच प्रोग्रामला हात लावला तर गोंधळ नाही का होणार? तो होऊ नये म्हणून व्यवस्था आहे. गृहनिर्माण संस्थेच्या सभेचे इतिवृत्त आठवा. कोणी ठराव मांडला, कोणी दुरुस्ती सुचवली, कोणत्या तारखेला मंजूर झाली, सगळे नोंदलेले. जुने पान फाडायचे नाही. टॉरवल्ड्स यांनी २००५ साली लिहिलेले ‘गिट’ हे अवजार प्रोग्रामांसाठी अशीच वही ठेवते. कोणत्या ओळीत कोणी, केव्हा, काय बदल केला, ते त्यात राहते. नवा बदल आधी जाणकार तपासतात, मगच तो मुख्य प्रतीत जातो, आणि तो चुकला तर मागे घेता येतो.

दुसरी सोय म्हणजे सामाईक माप. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली, पुढल्या वर्षी ती कल्याणला पोचली. त्या मार्गावरचा डबा कोणत्या कारखान्यात बनला आहे, हे रूळ विचारत नाहीत. चाकांमधले अंतर ठरलेले असले की झाले. रासायनिक आराखड्यांच्या सॉफ्टवेअरसाठीही ‘केप-ओपन’ नावाचे असेच ठरलेले माप आहे. त्यामुळे एकाने लिहिलेला स्तंभाचा भाग दुसऱ्याच्या आराखड्यात जोडता येतो. डीडब्ल्यूसिम हे माप पाळते.

आक्षेप आणखीही आहेत, आणि ते रास्त आहेत. फुकट वस्तूचा भरवसा काय? उत्तर असे की किमतीवरून भरवसा ठरवूच नये. ज्याचे उत्तर माहीत आहे असे उदाहरण आधी त्या अवजाराला घालावे. बेंझिन आणि टोल्युइन वेगळे करण्याचे उदाहरण पाठ्यपुस्तकांत असते, ते घालून ताळा जमतो का पाहावे. हा नियम महागड्या अवजारालाही लागू आहे. दुसरा आक्षेप धंद्याच्या गुपिताचा. तर, अवजार उघडे असले म्हणून तुमच्या मालाची कृती उघडी करावी लागत नाही. पकड सगळ्यांची असली तरी नट तुमचाच असतो. तिसरा आक्षेप जरा अवघड आहे. हे सगळे चालवणाऱ्यांचा पगार कोण देणार? सरकारी निधी, विद्यापीठे, काही कंपन्या आणि स्वेच्छेने काम करणारी माणसे यांवर हा गाडा चालतो. निधी आटला की चांगली अवजारेही दुरुस्तीवाचून पडतात. म्हणून नुसते वापरणाऱ्यांची संख्या वाढून भागत नाही. चूक कळवणारा, पाठ मराठीत आणणारा, एखादे उदाहरण भरणारा असाही कोणी लागतो.

आणि एक इशारा देणे भाग आहे. २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ या दोन दिवशी डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत झालेले स्फोट तिथले रहिवासी विसरलेले नाहीत. माणसे गेली, दूरदूरच्या घरांच्या काचा फुटल्या. सॉफ्टवेअर असते तर ते टळले असते, असे म्हणण्याचा कोणालाही अधिकार नाही. सुरुवातीला आपण केलेला साडेनऊ मिनिटांचा हिशेबही समजण्यापुरता आहे. खऱ्या मालाची उष्णता प्रयोगशाळेत मोजावी लागते. सुरक्षा-झडप, राखीव वीज आणि प्रशिक्षित माणूस यांची जागा कोणताही प्रोग्राम घेणार नाही. परंतु ‘पंप थांबला तर किती मिनिटे?’ हा प्रश्न विचारण्याची सवय आणि त्याचे उत्तर काय धरून काढले हे लिहून ठेवण्याची शिस्त, या दोन गोष्टी अशा अवजारांवर हात बसल्याने लागू शकतात. आणि त्यांना पैसे पडत नाहीत.

कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचे, आणि ठाण्याचे मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ सालचे. ज्याला पुस्तक विकत घेणे परवडत नाही त्यालाही ते वाचता यावे, म्हणून आपल्या गावच्या माणसांनी वर्गणी काढून ही घरे उभी केली. तिथे पुस्तक नेणाऱ्यावर ते नीट परत करण्याची जबाबदारी होती, आणि ज्याला जमेल त्याने दोन पुस्तके भेटही द्यावीत अशी अपेक्षा होती. शास्त्राची उघडी अवजारे हे त्याच जातीचे काम आहे. घरात अभियांत्रिकीला जाणारी मुलगी किंवा मुलगा असेल, तर त्याला सायलॅबचा एक मराठी पाठ लावून द्या. तुमचा कारखाना असेल, तर शिफ्टच्या वहीत उत्तराशेजारी गृहीत लिहिण्यासाठी एक रकाना आखून घ्या. तुम्ही शिक्षक असाल, तर विद्यार्थ्याने आणलेल्या उत्तराला गुण देण्याआधी त्याला एवढेच विचारा: ‘काय धरून काढलेस, ते दाखव.’